चुड्याचं गाणं

ये गं, अशी जवळ सरक. तुम्हा पोरींचं लई वाईट बघ, आलात की निघालात. दारातनंच ‘आज्जी, बरी आहेस ना?’ म्हणायचं आणि नारायणगावची जीप गाठायची. आज बूड टेकून बस. एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही. लेकींना नाही, आमचे हे होते तोवर त्यांनाही नाही. आता थकले मी ती एकटीनं वागवून.

आमच्या देवीची यात्रा चैत्रातली. पालखी निघायच्या आधी देवीला हिरवा चुडा भरायचा, आणि तो मान मणियारांच्या घरचा. मी लग्न होऊन आले तेव्हा हलिमाची सासू भरायची. मग हलिमा भरायला लागली. आम्ही दोघी एकदमच सुना म्हणून गावात आलेल्या, पाणवठ्यावरची मैत्री आमची. चुडा भरताना ती सासूनं शिकवलेलं गाणं म्हणायची, त्यांच्या घरच्या बोलीत — ‘हाथ दे गे माई, हरा चुडा लाई मैं.’ आम्ही साऱ्या बाया मागनं ओढायचो. अर्धं हिंदीसारखं, अर्धं आपल्यासारखं, पण कळायचं सगळं. मला तर शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ. माझ्या लेकी पाळण्यात त्याच गाण्यावर निजल्या — हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मग सगळीकडचं वारं आमच्याकडंही आलं. यात्रेच्या आधी देवळापुढं बैठक बसली. एक पोरगा उठून म्हणाला, “चुडा भरू द्या, पण गानं नको. देवीपुढं मराठीच पायजे. आन हे गानं काय जुनं न्हाई, मागनं घुसवलंय.”

आमचा भाया, म्हणजे थोरला दीर, जागेवरनंच बोलला, “आन तू डीजेपुढं लोळतो, ते काय मराठीत असतं व्हय रं?”

सगळे हसले. मला वाटलं, मिटलं. तर पोरगा माझ्याकडं वळला. “आज्जीला इचारा. बायांत जुनी तीच. आज्जी सांगंल ते फायनल.”

त्या पोरांत माझा नातू उभा. आणि हलिमा खांबाला टेकून निवांत बसलेली. मला विचारलं म्हणून निवांत — कळतंय का तुला?

आणि मी — कसं सांगू — मी म्हणाले, “न्हाई बाबा. आमच्या येळंला असलं गानं नव्हतं.”

कुणी धमकावलं होतं का मला? नाही. नातवानं डोळे वटारले? तेही नाही. जास्त माणसं ज्या अंगाला बसली होती, त्या अंगाला मी सरकले. एवढंच.

हलिमा भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग हसून सगळ्यांना म्हणाली, “हिला आठवत न्हाई म्हंजी नसंलच. हिचं डोकं माझ्यापरीस चांगलं हाय.”

त्या वर्षी तिनं चुडा मुक्यानं भरला. पुढच्या वर्षी ‘हात कापत्यात’ म्हणून आलीच नाही. आता बाजारातनं तयार बांगड्या येतात, पोरं घाईघाईनं देवीपुढं ठेवतात, आणि पालखी निघते.

परवा तिच्याकडं चहाला गेले होते. तिची नात मोबाईल घेऊन बसली, “दादी, वो चुडे का गाना बोल ना, रेकॉर्ड करती मैं.”

हलिमा म्हणाली, “वो पुराना नै बेटा. मैंच कबी तो बनाई हुंगी, अन सासूका समजके बैठी. इस नानीकू पूछ, उसकू सब याद रैता.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. हलिमानंही बघितलं — खरंच विचारत होती गं ती. गाणं माझ्या जिभेवर होतं, सगळं.

मी बशीत चहा ओतला आणि प्याले.

तू यावर काही बोलू नकोस. जा आता, जीप चुकेल. पण अशी वर्षावर्षानं येऊ नकोस बाई, लवकर ये.