अर्जी राहिली होती

मंडळी, हैदराबादहून परभणीला येणाऱ्या गाडीत बसून हे लिहायलोय.

आज आईला एका जुन्या राजवाड्यात नेलं होतं. तिथं आता चित्रांचं संग्रहालय आहे. दार असं, की हत्ती अंबारीसकट आत जावा.

आईनं उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या. मला वाटलं, तिला देऊळच वाटलं. मी हसलो.

"हसू नको. राजाच्या देवडीवर पायताण घालून जायचं नसतंय. माह्या बापानं सांगितलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. सोनपेठकडचं तिचं माहेर ह्याच राजाच्या जहागिरीत होतं. गावात विहीर हवी म्हणून आजोबा अर्जी घेऊन इथं आले. तीन दिवस ह्या दारात अनवाणी उभे राहिले. आत कुणी घेतलंच नाही. अर्जी खिशात तशीच परत आली. मला हे आजवर माहीतच नव्हतं!

दारावरचे चाचा ऐकत होते. म्हणाले, "अम्मा, चप्पल पहन लो. अब ये सबका है."

आईनं चपला घातल्या.

आत भिंतभर चित्रं, छतभर झुंबरं, तोंड दिसावं अशी फरशी. मी तर दबकतच चाललो. आई मात्र चपला वाजवत राजाच्या भल्यामोठ्या चित्रासमोर गेली, पदर सावरून उभी राहिली.

"धोंडिबाची लेक हाय मी, सरकार. अर्जी राहिली होती."

तुमच्या घरातल्या कुणाची अर्जी अजून दारातच उभी हाय का?