ग्रीलवरचा जावई

गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. त्यामुळे माझ्या हातून चूक होऊ शकते, ही शक्यता आमच्या घरात फक्त माझी बायको सुनंदा धरून चालते.

लष्कराच्या लिलावातली ती हिरवी जीप मी घेतली सासऱ्यांसाठी. त्यांना मी मामा म्हणतो. मामा फौजेत ड्रायव्हर होते, उमेदीची सगळी वर्षं अशाच जीपवर गेली. ज्याच्या हाताला ग्रीस लागत नाही तो गडी कसला, असं त्यांचं ठाम मत! लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून मला एकदाही 'शाब्बास' मिळाली नव्हती. (त्यांच्या बैलांना रोज मिळते!) म्हणून ठरवलं, पंच्याहत्तरीला त्यांची घरापासून देवळापर्यंत मिरवणूक काढायची, ती याच जीपमधून. यंदा शाब्बास घेऊनच दाखवतो!

महिनाभर जीप झकास चालली. आदल्या संध्याकाळी मी शेवटची सजावट केली. दोन झेंडे, झेंडूच्या माळा आणि पुढच्या ग्रीलवर घट्ट बांधलेला भलामोठा फ्लेक्स. त्यावर गणवेशातले मामा आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून मी, हात जोडून.

"तुमचा फोटो आबांपेक्षा मोठा कसा?" सुनंदानं वडिलांची बाजू घेतली.

"छापणाऱ्याची चूक," मी म्हणालो. (सवय!)

सकाळी आठला मोशीहून मामांच्या गावाला निघालो. शेजारी सुनंदा, मागे पेढ्यांचे खोके सांभाळत माझा मेहुणा बाळू. कार्यक्रम दहाचा. चाकणच्या अलीकडे नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबलेलं. तिथे तापमानाचा काटा असा काही वर चढायला लागला की बस्स!

"दाजी, धूर निघतोय!" बाळू ओरडला.

"धूर नाही, वाफ. शब्द नेमका वापरावा," मी म्हणालो आणि जीप कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. मी आतून थरारलो होतो, खोटं कशाला बोलू! मोबाइलवर असले व्हिडिओ बघून बघून मी याच क्षणाची वाट पाहत होतो. या जीपचा पंखा इंजिनाच्या जोरावर फिरतो, पण मध्ये एक क्लच असतो. इंजिन गार असलं की तो पंख्याला सैल सोडतो, तापलं की घट्ट धरतो. बिघाड तिथेच असणार!

"आमच्या खात्यात पहिला प्रश्न एकच," मी बाह्या सरसावल्या. "कालपर्यंत गाडी चांगली होती. मग काल आणि आजमध्ये बदललं काय?"

"अहो, तो फ्लेक्स..."

"सुनंदा, आता पुन्हा फोटोचं काढू नकोस!"

इंजिन बंद करून मी पंखा हातानं फिरवून पाहिला. जड! "क्लच जाम झालाय," मी निकाल दिला. "काढावा लागणार."

पान्याला लोखंडी पाइप जोडला. मी आणि बाळू लोंबकळलो. नट हलेना. दोन ट्रकवाले मदतीला आले. "जोर लावा, राव!" चौघांनी मिळून झटका दिला.

"हलला! दाजी, हलला!" बाळू नाचायलाच लागला. मीही नाचलो. रस्त्यावर! नट पाव फेरा फिरला होता आणि मला कानांत शाब्बासकी ऐकू येत होती.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरून मामा उतरले. अंगात कोट, कोटावर पदकं. सुनंदानं फोन केला होता. मिरवणूक ज्यांची निघायची, तेच मिरवणूक शोधत आले होते.

"पंखा जड लागतोय, मामा. क्लच जाम आहे," मी छाती काढून सांगितलं.

"तापल्यावर जडच लागाया पायजे की!" मामा म्हणाले. "म्हंजी क्लच चांगला हाय. आन् ह्याचे आटे उलटे असत्यात, जावईबापू. तुमी चौघांनी मिळून नट आवळलाय."

ट्रकवाले हळूच निघून गेले.

इंजिन निवल्यावर मामांनी पाणी भरायला लावलं. "चालू करा. आन् रेस द्या." ते स्वतः जीपसमोर उभे राहिले. काटा पुन्हा चढला, पंखा भर्रर्र करून गर्जला आणि मामा पोट धरून हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"हिकडं या, जावईबापू. सोताला बघा!"

जाऊन पाहतो तर पंख्यानं आख्खा फ्लेक्स ग्रीलमध्ये ओढून घेतला होता. माझे दोन्ही गाल आत गेले होते, डोळे बाहेर आले होते. आत वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती!

"क्लच किती जोरात धरतोय बघा. तुमच्या तोंडानंच वाट अडवलीया."

"मी सकाळपासून तेच सांगतेय," सुनंदा म्हणाली.

बाळूनं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पाच मिनिटांत काटा निमूट खाली आला. मग मामांनीच स्टिअरिंग हातात घेतलं आणि काय चालवली ती जीप! ताशे वाजले, गुलाल उडाला, पंच्याहत्तरीचा म्हातारा पंचविशीचा झाला. मी मागच्या सीटवर, मांडीवर स्वतःची गुंडाळी घेऊन बसलो होतो. तरी खरं सांगतो, त्यांचा चेहरा बघून माझा ऊर भरून आला.

देवळासमोर मामा उतरले आणि हात उचलून थेट माझ्याच दिशेनं आले. मी पाठ ताठ केली. वीस वर्षांचं चीज झालं!

मामा माझ्या शेजारून पुढे गेले, बॉनेटवर प्रेमानं थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास!"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जावईबापू, तुमचा फोटू झकास आलाय हां. फकस्त पुढच्या टायमाला मागं लावा."