सोमवारचे ग्रॅम

सासूबाईंचं वजन त्रेचाळीस किलो भरलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा वॉकर धरून त्या काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हाचा हा आकडा. आषाढात कडावच्या घरी गोठ्याच्या उंबऱ्याशी पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. खोपोलीला ऑपरेशन झालं आणि मग आम्ही त्यांना भिसेगावात आमच्याकडे आणलं. हाड नीट बसलं. पण घरी पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली आणि ती भरेना. दिवसाआड ड्रेसिंगला येणारी सिस्टर कागदी पट्टी लावून मोजायची. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी तीन. मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. दोन आठवडे तोच आकडा.

डॉक्टर म्हणाले, "मलम कितीही लावा, मांस आतून भरायला पोटात प्रथिनं जायला हवीत. ह्यांना दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम लागतील. जातात किती?"

इतकी वर्षं मी त्यांना वाढत होते, पण ताटात काय पडतं ते कधी मोजलं नव्हतं. घरी येऊन तीन दिवस त्यांचं जेवण स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. भात, वरण, सकाळची भाकरी, ताक, कपभर दूध. सव्वीस ग्रॅम. श्रावण तोंडावर आलेला, म्हणजे मासळी बंद, अंडी बंद. सोमवारी तर उपास. साबुदाणा, शेंगदाणे आणि दूध मिळून बारा.

मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पावडरीला होकार दिला. मी बाजारात औषधांच्या दुकानात गेले.

"मुलगा जिमला जातो वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"सासूबाईंसाठी हवी आहे."

त्याने लगेच हसऱ्या बाईचं चित्र असलेला डबा काढला. "मग ही घ्या. लेडीज स्पेशल."

मी डबा फिरवून मागचा तक्ता वाचला. पुढे मोठ्या अक्षरांत छापलेले चौतीस ग्रॅम हे शंभर ग्रॅम पावडरीतले होते. एका चमच्यात जेमतेम दहा, आणि साखर त्याहून जास्त. बाईचं चित्र असलेल्या तिन्ही डब्यांची तीच गत. दंड फुगवलेल्या माणसाच्या डब्यात मात्र तीस ग्रॅमच्या चमच्याला चोवीस होते. तो मागितला.

"ताई, ती पैलवानांची आहे."

"असू दे. जखम बाईची आहे की पैलवानाची, ते पावडरीला कळत नाही."

घरी सासूबाईंनी डबा हातात घेऊन चित्र पाहिलं. "ह्या मेल्याला कशाला आनलंस गं घरात? अंगात सदरा नाय त्याच्या." मग डबा खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "सोमवारी चालंल का ह्ये?"

"दुधाचंच आहे, आई."

त्यांचा सोमवार साधा नाही. माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली, सोळाशे ग्रॅमची. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. नर्स रोज सकाळी वजन सांगायची. पंधराशे सत्तर. पंधराशे नव्वद. वीस ग्रॅम उतरले की मी रडायचे, वीस ग्रॅम चढले की जेवायचे. ग्रॅम मोजायची सवय मला तिथे लागली. त्याच दिवसांत सासूबाईंनी बोलून टाकलं, "पोरगी जगू दे, मी जिती हाय तवर सोमवार सोडनार नाय." मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. साडेबाराशेच्या आसपास सोमवार झाले. ऑपरेशननंतरचा सोमवारही त्यांनी दुधावर काढला. मी उपास करत नाही, माझा त्यावर विश्वास नाही. पण ते सोमवार कोणासाठी आहेत, हे मी विसरलेले नाही.

श्रावणाचे पहिले दोन सोमवार त्यांनी पावडर घेतली. त्यानंतर एका दुपारी डब्याचं झाकण पुसताना मी पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. घटकांच्या यादीत शेवटून दुसरं, सोया लेसिथिन. पावडरीची गुठळी होऊ नये म्हणून घालतात. आणि सोयाबीन म्हणजे कडधान्य. दुकानात मी सगळे आकडे वाचले होते, शब्द वाचले नव्हते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. औषध आहे ते. आणि किती असेल? चिमूटभर?"

"चिमूटभरही नाही."

"मग झालं तर."

तिसऱ्या सोमवारी मी काही न बोलता पेला दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि प्यायल्या. त्याच आठवड्यात सिस्टरच्या पट्टीवरचा आकडा पहिल्यांदा खाली आला. साडेतीन बाय अडीच. मी कॅलेंडरवर लिहिलं, पण आनंद झाला नाही. पुन्हा पुन्हा तो कपाळाला लावलेला पेलाच आठवत होता.

चौथ्या सोमवारी पेला घेऊन गेले आणि द्यायच्या आधी सांगितलं. काय निघालं, कधी कळलं आणि कळल्यावरही एकदा दिलं, हेसुद्धा.

त्यांनी माझ्या हातातल्या पेल्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "किती असंल त्यात?"

"एका चमच्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नसेल, आई."

"तू वीस ग्रामाला रडायचीस गं. मी बगितलंय."

पेला माझ्याच हातात होता. मी म्हटलं, "जखम भरायची तर सोमवारीही खायला हवं. बारा ग्रॅमवर ती भरणार नाही. मी खोटं सांगत नाही."

"आता नाय सांगत. ठाव हाय मला." त्यांनी हात पुढे केला. "तांब्या आन."

पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी मला पलंगाशी बसवलं, माझी ओंजळ स्वतःच्या हाताखाली धरायला लावली आणि दान देताना सोडतात तसं तळहातावरून पाणी सोडलं. पाणी माझ्या ओंजळीत उतरलं.

"सोमवार तुला दिले. जिती हाय तवर सोडनार नाय म्हनले व्हते. सोडत नाय, देते. पोर तुजी हाय."

"माझा विश्वास नाही, आई. तुम्हाला माहीत आहे."

"इस्वास कोन मागतंय? भूक लागंल, ती काढायची. आनि ते तीन बाटले, ते तू येगळे धरायचे. मंगळवारी धर नायतर बुधवारी."

ओंजळीतलं पाणी मी तुळशीत ओतलं. तोवर त्यांनी हाक मारली, "वरन झालंय का गं? भात वाढ." चोवीस वर्षांनी त्या सोमवारी भात जेवल्या. दोन घास खाऊन थांबल्या, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा जेवू लागल्या. जेवणानंतर पावडर घेतली. त्या दिवशी पन्नास भरले.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी सिस्टरने मोजायची कागदी पट्टी बाहेर काढली आणि तशीच परत पिशवीत ठेवली. मोजायला काही उरलं नव्हतं. सोमवार न देताही जखम भरली असती का, किती दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही. त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

मीही आता पन्नाशीला आले. डॉक्टरांनी मलाही ताटाकडे बघायला सांगितलं आहे, म्हणून सोमवार वगळता इतर दिवशी एक चमचा मीही घेते. ते तीन वेगळे उपास मी गणपती यायच्या आतच धरले. सोमवारी डबा उघडते, फक्त सासूबाईंचा चमचा सपाट भरते आणि झाकण लावते.