देवाचा शेला धरणारे तात्या

मुखवट्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या वहीत दोन प्रकारच्या नोंदी साठतात. पानाच्या मधोमध विधी, रंग, परंपरा. आणि समासात किस्से. मी निवृत्त झालो तोवर मधला मजकूर शोधनिबंधांत जाऊन संपला होता. समास मात्र अजून भरतोच आहे, आणि त्यातला निम्मा एकट्या ज्ञानोबा तात्यांचा आहे.

पिंगळीच्या पुढे त्यांचं गाव. नृसिंह जयंतीच्या तिन्हीसांजेला तिथे नरसिंहाचं सोंग निघतं. मुखवटा कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून केलेला; डोळ्यांच्या जागी हरभरा मावेल एवढी छिद्रं. तो घालतात शेषराव, शाळेतले क्लार्क. आतून दिसतं जेमतेम, म्हणून त्यांच्या कमरेचा शेला मागून तात्या धरतात. एरवी तात्या मेंढरं राखतात. शेला ज्या बाजूला ओढला त्या बाजूला देव वळतो. दोनदा ओढला की थांबतो. मुखवटा चढला की देवाने बोलायचं नाही आणि शेषरावांचं नाव कुणी घ्यायचं नाही. देवाच्या वतीने बोलतात तेही तात्याच. तीसेक वर्षांची ही जोडी.

*

एका वर्षी निकालाच्या कामामुळे मुख्याध्यापकांनी शेषरावांची दुसऱ्या दिवशीची रजा नामंजूर केली. संध्याकाळी तेच साहेब नारळ घेऊन देवापुढे वाकले. देवाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. साहेब खालूनच हळू आवाजात म्हणाले, "देवा, उद्या साडेदहाला ऑफिस उघडायचंय."

तात्यांनी उत्तर दिलं, "देव म्हणतेत, बघू."

*

मंगलाबाईंनी देवाला विचारलं, लेक पोलीस भरतीत लागेल का? देवाने जोरजोरात मान हलवली. बाईंचे डोळे भरून आले.

"बाई, देवाच्या नाकावर माशी बसलीय," तात्या म्हणाले. "नकार न्हाई हा. थांब जरा."

सगळे थांबले. माशी गेली. मग देवाने सावकाश होकार दिला. लेक आता पोलिसात आहे, आणि मंगलाबाई दरवर्षी दोन नारळ आणतात. एक देवाचा, एक माशीचा!

*

जपानी नाट्यातल्या मुखवट्यालाही असेच बारीक डोळे असतात. नट रंगमंचाच्या कोपऱ्यातल्या एका खांबावरून आपली जागा ओळखतो. हे मी मोबाइलवर फोटो दाखवून समजावलं. तात्यांनी मान डोलावली.

"खांब जाग्यावर राहतो, बरं हाय त्यायचं. आमच्या वाटंत म्हशी बसलेल्या असतेत."

*

दुसऱ्यांदा बाली बेटावरच्या सिंहाचा व्हिडिओ दाखवला. एका सोंगात दोन माणसं. पुढचा मुखवटा हलवतो, मागचा शेपटीकडचा भाग सांभाळतो. तात्यांनी तो दोनदा पाहिला.

"मागच्याचं नाव काय हाय?"

मला ठाऊक नव्हतं. व्हिडिओत पुढच्याचं तेवढं होतं.

घरी येऊन मी या गावावरचा माझा जुना लेख काढला. त्यात शेषराव सात ठिकाणी होते. तात्या कुठेच नव्हते.

*

आता यंदाचा किस्सा. तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण ते फळलं नाही. दुसरा आधीपासूनच अधू. समोरच्या रिक्षाला ते रामराम करायला लागले, तेव्हा पंचांनी ठरवलं की शेला आता पुजाऱ्याच्या पुतण्याने, वैभवने धरावा. दोन दिवस तात्या जेवले नाहीत, असं त्यांच्या घरातून कळलं.

शेषराव पंचांकडे गेले. "शेला तात्याच्या हातात नसंल, तर मुखवटा दुसऱ्याच्या तोंडाला बांधा."

शेवटी तडजोड झाली. यंदा तात्याच धरतील. पण देव कुठे अडखळला, तर पुढच्या वर्षापासून वैभव.

नेमकं त्या आठवड्यात गल्लीत नालीचं काम निघालं. वाटेत खडीचा ढीग, पुढे उघडा खड्डा, त्यापुढे आडवी लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मी सोबत चाललो होतो. देव ढिगाला सफाईने वळसा घालून गेला. खड्ड्याच्या हातभर अलीकडे थांबला, बाजूला सरला, ट्रॉलीच्या कडेने निघाला आणि चावडीपुढे उभा राहिला. पंचांनी स्वतः तात्यांच्या हातात मानाचा नारळ दिला. शेला तुमचाच, म्हणाले.

मुखवटा उतरला. घामाने निथळणाऱ्या शेषरावांना मी बाजूला घेतलं. तात्यांना सांभाळून तुम्हीच वाट काढलीत ना, असं विचारलं.

"मी? सर, निघतानाच्या आरतीलाच हार सरकून दोन्ही छिद्रं बुजली होती. अंधार गुडुप. तात्यानं ओढलं तसा गेलो."

तात्या ओट्यावर चहा पीत बसले होते. मी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं. त्यांनी मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

"कुणाला बोलू नका, सर. वाटंत खडी होती हे मला आता इथं बसल्यावर कळायलंय. शेषराव वळला, तसा मी वळलो."