बेडशाच्या लेण्यातली तिसरी ओळ

हे लिहायला मला चार महिने लागले. अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, असं सगळेच म्हणतात. आमच्या घरात तर तो नसणं ही शिस्तच होती. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून भूत, श्राद्ध, नवस… सगळं उंबऱ्याबाहेर. म्हणून पुढचं मी आईलाही सांगितलेलं नाही.

मी विश्रांतवाडीला राहतो, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी एकच हट्ट धरला – पुण्याच्या आसपासची लेणी बघायची. "ग्रंथपाल साहेब, रविवारी तरी पुस्तकांना सुट्टी द्या," म्हणायचे.

पहिल्यांदा कार्ल्याला गेलो. रविवार, जत्रेसारखी गर्दी. बाबांनी बूट काढले, स्तूपासमोर हात जोडले आणि मोठ्याने वंदना सुरू केली. आजूबाजूच्या पोरांनी मोबाइल काढले. तेवढ्यात आमच्या कॉलेजातल्या एक मॅडम समोर आल्या.

"अय्या सर, तुम्ही इथे? एकटेच?"

"हो… सहज आलो होतो," मी म्हणालो. आणि त्यांच्याशी बोलत बोलत बाहेर निघून आलो. बाबांचा आवाज आतून येतच होता.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी गर्दी नसलेलं बघू. बेडसे शांत असतं म्हणे. तुला अवघडल्यासारखं नको व्हायला."

त्यांना कळलं होतं.

त्यानंतर ते बेडशाचं नाव काढायचे आणि मी टाळायचो. त्यांच्याबरोबर पुन्हा स्तूपासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. त्यांची की माझी, हे तेव्हा तपासलं नाही. शेवटी सांगून टाकलं की तिथे दुरुस्ती चालू आहे, लेणी बंद आहेत. साफ खोटं होतं.

"असू दे. उघडली की जाऊ."

जानेवारीत ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, तिथेच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या मंगळवारी रजा टाकून मी एकटाच बेडशाला गेलो. कामशेतहून आत वळलं की काही वेळाने गाव लागतं, गावामागे डोंगर आणि लांबलचक पायऱ्या. सकाळचे नऊ वाजले असतील. वर झाडलोट करणारे एक काका होते, बाकी चिटपाखरू नाही.

"बसा निवांत. आज कोन न्हाई," म्हणाले आणि केरसुणी घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

मी स्तूपासमोर बसलो. वंदना म्हणायला लागलो. पहिल्या दोन ओळी आल्या… तिसरी येईना. जन्मापासून घरात ऐकलेली वंदना, पण मी ती कधी पाठ केली नव्हती. म्हणायला बाबा होतेच. मी थांबलो. माझा आवाज घुमून विरून गेला.

आणि मग तिसरी ओळ ऐकू आली.

डावीकडून, खांबांच्या रांगेमागून. जरासा घसा बसलेला, अजिबात घाई नसलेला आवाज. तो बाबांचा होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. तो पुढे म्हणत राहिला – चौथी, पाचवी…

खरं तर यानंतर मी काय केलं, ते सांगायलाच हे लिहितोय. आवाजाच्या दिशेने बघण्याआधी मी मागे वळून दाराकडे बघितलं. कोणी ऐकत तर नाही ना, म्हणून.

दारात कोणी नव्हतं. पुन्हा वळलो, तोवर आवाज थांबला होता. खांबांमागे जाऊन पाहिलं. नुसता दगड, आणि त्यावर सकाळचं ऊन.

बाहेर आलो तर काका माझ्या मागे बघत होते.

"दुसरं कुठं हायेत?"

"दुसरे कोण?"

"तुमच्यासंगं म्हणत व्हते की. वयस्कर मानूस. चांगलं म्हणत व्हते. मधीच का थांबले?"

बहिणीला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "लेण्यात आवाज घुमतो रे दादा. त्यात तुझी महिनाभर झोप नाही." घुमतो, मान्य. पण जी ओळ मी म्हटलीच नाही, ती घुमेल कशी? आणि जागरण माझं होतं, काकांचं नव्हतं. याचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

मात्र ते मधेच का थांबले, हे मला ठाऊक होतं. काकांना मी "माहीत नाही" म्हणालो आणि पायऱ्या उतरायला लागलो.