दीड एकरची खोटी मालकीण

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी हा राग काही उतरत नाही.

मी तेव्हा पुणे रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नवे कारखाने येऊ लागले आणि ज्या माळावर कुणी शेळी बांधत नव्हतं, तिथे गुंठ्याचे भाव बोलले जाऊ लागले. पानटपरीवाले रातोरात एजंट झाले. ज्याला स्वतःच्या घरावरचे पत्रे बदलता आले नव्हते, तोही 'पाच वर्षांत तिप्पट' सांगत फिरू लागला. भाव चढण्यात वाईट काही नाही. पण भाव चढला की लांडग्यांची पहिली नजर एकट्या बाईच्या सातबाऱ्यावर जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

अशीच एक साठी ओलांडलेली विधवा एका सकाळी ठाण्यात आली. "जय भीम, साहेब," म्हणाली आणि तलाठ्याकडून आलेली फेरफाराची नोटीस तिने टेबलावर ठेवली. नवऱ्याने गवंडीकाम करून घेतलेली रस्त्यालगतची दीड एकर जमीन तिने विकली, अशी नोंद होणार होती.

"मी इकली न्हाई. मंग कुनी इकली, साहेब?"

फिर्याद लिहून झाली. सहीच्या वेळी मी स्वतःच शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला. तिने तो मागे ढकलला.

"पेन द्या."

वस्तीवरच्या विहारात चालणाऱ्या वर्गाला बसून शिकलेली बाई होती ती. एकेक अक्षर जपून काढत तिने पूर्ण नाव लिहिलं. नोटीससुद्धा तिनेच वाचली होती. "सई शिकल्यापासनं सईच्या जागी मी कुठंबी अंगठा दिला न्हाई," म्हणाली. न विचारता पॅड पुढे केल्याची मला लाज वाटली.

दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची नक्कल मागवली. तिथे फोटो आणि ठसे सगळ्यांचेच घेतात, पण इथे सहीच्या जागीही 'निशाणी डावा अंगठा' असंच लिहिलेलं होतं. फोटोत डोक्यावरून पदर इतका ओढलेला की चेहरा कुणाचा ते देव जाणे. ठशांचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर जमिनीवर तारेचं कुंपण पडलं असतं.

खबर दिली ती त्या कार्यालयाबाहेरच्या चहावाल्याने. जमीन विकणाऱ्याला आम्ही ओळखतो, असं साक्षीदारांना लिहून द्यावं लागतं. या खरेदीतला एक साक्षीदार तिथल्याच बाकड्यावर पडून असे आणि वडापाव व वरखर्ची मिळाली की कुणालाही ओळखत असे. त्याला उचलून आणलं. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो आपल्या पायाने खड्ड्यापर्यंत जातो.

"बाईला किती वर्षं ओळखतोस?"

"धा-बारा वर्सं, साहेब. घरच्यावानी हाय."

"लिहिता येतं तिला?"

"कशाचं येतंय! अडानी म्हातारी. सगळीकडं अंगठाच देती."

मी बाईला आत बोलावलं. तिच्याकडे बघून त्यानेच मला विचारलं, "ह्या कोन?"

मी तिच्यापुढे कागद-पेन सरकवलं. तिने कोऱ्या कागदावर आपलं नाव लिहिलं आणि मी तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहरा उतरला. मग तासाभरात सगळं बाहेर आलं.

सूत्रधार होता हायवेवर काचेचं ऑफिस थाटलेला एक एजंट. बाईच्या नावाचं बनावट आधारकार्डही त्यानेच करवून घेतलेलं. त्याला पस्तावा नव्हता, फक्त अंदाज चुकल्याचं दुःख होतं. "तिला सई येत आसंल आसं वाटलंच न्हाई, साहेब," हे तो तीनदा म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं फार वाटलं. हात आवरला.

खोटी मालकीण केडगावकडची, खुरपायला जाणारी मजूर निघाली. निराधाराचा पगार सुरू करून देतो म्हणून तिला गाडीत बसवून नेलं होतं. "त्यांनी दाखवलं तिथं अंगठा दिला," एवढंच तिला सांगता आलं. पण खतावर अंगठा तिचा, म्हणून आरोपी तीही.

फेरफार थांबला. खरेदीखत रद्द करायला मात्र दिवाणी दावा लावावा लागला. एजंटाला जामीन मिळाला आणि चुलतभाऊ सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभा राहिला. मजूर बाईलाही जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणणार? तिच्या गोतावळ्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. जमिनी लाटणारा घरी जेवतोय आणि जिला कधी जमीन मिळालीच नाही ती कोठडीत! वर्दीत होतो, म्हणून गप्प बसलो. आता बसणार नाही. फसवणाऱ्याला फार हुशारी लागत नाही. गरिबाला अडाणी धरून चालायची आपल्या सगळ्यांची खोड त्याला पुरते, आणि ती माझ्यातही होती.

तारखेची चौकशी करायला फिर्यादी बाई ठाण्यात आली.

"ती बाई आजून आतच हाय व्हय?"

"जामीनदार नाही तिला."

"माझा सातबारा चालंल का?"

फिर्यादीनेच आरोपीला जामीन राहणं कोर्टात चालायचं नाही, असं मी कसंबसं सांगितलं.

"मला लिवता येत नसतं तर मलाबी कुनी आसंच गाडीत घालून नेलं आसतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ आपला सातबारा घेऊन कोर्टाच्या दारात उभा होता.