हातानं केलेलं लग्न

एखाद्याच्या हातात कला आहे असं घरात एकदा ठरलं, की त्या माणसाची सुटका नाही. मावशीच्या बाबतीत हे तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात ठरलं. ऐन वेळी नवरीच्या केसांतली पिन मोडली आणि मावशीनं ती तारेनं बांधून दिली. झालं! तेवढ्या भांडवलावर पुढची तीसेक वर्षं नात्यातल्या प्रत्येक लग्नाची तोरणं, पुड्या, पिशव्या, पाकिटं आणि झिरमिळ्या तिच्या गळ्यात पडत आल्या. "मावशी आहेच" असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकून चहा प्यायला जायचे.

पोटापाण्यासाठी मावशी दात करायची. दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, त्यावरून कवळ्या तयार करणारी एक छोटी लॅब होती, तिथे ती नोकरीला होती. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा आणि घासायचं घरघरतं मशीन, यांच्या संगतीत तिची उमर गेली. नातेवाईक या कामाला "तिचं तिकडे काहीतरी दातांचं असतं" एवढंच म्हणत. ही कला कुणी कलेत धरत नव्हतं, कारण तिचं यशच मुळी न दिसण्यात होतं. बघणाऱ्याला दात केलेले आहेत असं कळलं, की काम परत आलंच समजा.

तर अशा या मावशीच्या भाचीचं लग्न ठरलं. भाची चांगली नोकरी करणारी, कार्यालयात दहा माणसांवर हुकूम चालवणारी बाई. पण घरात अजून चिऊच. मुलाकडची मंडळी पहिल्यांदा चहाला आली, तेव्हा ताईनं, म्हणजे चिऊच्या आईनं, मदतीसाठी मावशीला बोलावून घेतलं. कप पुढे करताना मावशीनं विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई कशावर तरी मनापासून हसल्या आणि मावशीनं वाकून पुन्हा त्यांच्या दातांकडे पाहिलं.

वरचा, समोरून दुसरा दात किंचित आत वळलेला होता. तो मावशीनंच वळवला होता!

हे काम लॅबमध्ये चार वेळा परत आलं होतं. प्रत्येक वेळी डॉक्टरांचा निरोप एकच : पेशंटला वाटतं, लोकांना कळेल. फार पांढरे झाले, फार सरळ झाले, फार सारखे झाले. शेवटी मावशीनं कंटाळून एक दात वाकडा बसवला, रंग अर्ध्या छटेनं मळकट केला, आणि पेशंट खूश. जिनं इतके महिने डोक्याला ताप दिला, ती बाई समोर बसून बिस्किट चावत होती.

"आमच्या घराण्यात दात भक्कम हो," विहीणबाई ताईला सांगत होत्या. "या वयात एकही पडलेला नाही."

"दिसतंच आहे," मावशी म्हणाली, आणि कप गोळा करून आत गेली.

त्याच बैठकीत चिऊनं जाहीर केलं, की लग्न अगदी साधं करायचं. ऐकून तिच्या बाबांना भरून आलं. बिचाऱ्यांना साधं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. साधं म्हणजे काहीही विकत आणायचं नाही. निमंत्रणं हातानं, पाकिटं हातानं, पाहुण्यांना द्यायच्या पुड्या हातानं, नवरीच्या केसांतली फुलंसुद्धा हातानं.

"कागद पण आपणच करायचा," चिऊ म्हणाली.

"कागद?" बाबा म्हणाले. "कागद मिळतो की दुकानात!"

"बाबा, त्यात आपली माया नसते."

मग एका सुट्टीच्या दिवशी सगळ्या घराला माया करायला बोलावण्यात आलं. जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजवली, मिक्सरमध्ये फिरवली, मिक्सर जळला. शेजारचा मिक्सर आणला. लगदा चादरीवर थापून गच्चीत वाळत घातला. चिऊनं प्रत्येक पायरीचे फोटो काढले. त्यामुळे लगद्याला हात लावायला तिला सवड मिळाली नाही. पुरुष मंडळी कात्री शोधायला म्हणून जी गेली, ती जेवणाच्या वेळेलाच उगवली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तेवढे प्रामाणिकपणे बसून राहिले आणि त्यांचं एक बोट दुसऱ्या बोटाला चिकटलं.

संध्याकाळपर्यंत कागद वाळला. त्याला कागद म्हणणं हा मनाचा मोठेपणा. पुठ्ठा आणि चटई यांचं ते अपत्य होतं. लगदा नीट झाला नसल्यामुळे वर्तमानपत्रातली अक्षरं जागोजागी वर आली होती. एका निमंत्रणाच्या कोपऱ्यात 'शोकाकुल' असं स्पष्ट वाचता येत होतं, दुसऱ्यावर 'आरोपी फरार'. शाई टाकली की पसरायची, त्यामुळे लग्नाची तारीख बघणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर सोडून देणं भाग होतं.

"किती जिवंत वाटतंय ना!" चिऊ म्हणाली.

"छान सुरुवात झाली," ताई पदराला हात पुसत म्हणाली. "बाकीचं काय, मावशी आहेच."

आणि मावशी ते गाठोडं घेऊन घरी आली.

पाकिटांवर लाखेचा शिक्का हवा होता. लाखेवर मावशीचा हात बसेना. मग तिनं लॅबमधलं गुलाबी मेण वितळवून शिक्के उठवले. कवळीची हिरडी आधी ज्यात घडवतात तेच. चिऊ ते बघून नाचायचीच बाकी राहिली. "कसला गोड रंग आहे, मावशी! कुठे मिळाला?"

"ओळखीच्या ठिकाणी," मावशी म्हणाली.

मेणाचा स्वभाव मावशीला पक्का माहीत होता, आणि तो तिनं सांगितलाही. पण कलावंताचं कोण ऐकतं? पाकिटं गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवली गेली आणि दुपारच्या उन्हात सगळी मिळून एकजीव झाली. ती चाकूनं सोडवून वाटावी लागली. ज्यांना मिळाली त्यांना वाचता येईनात. मग चिऊच्या बाबांनी एका खुर्चीत बसून सगळ्या पाहुण्यांना फोन केले. "निमंत्रण मिळालं ना? हो, हो, हातानं केलंय. तारीख लिहून घ्या."

राहता राहिली केसांतली फुलं. चिऊला हवा होता एक फणीसारखा दागिना, त्यावर पांढऱ्या कळ्यांचे झुबके. मावशीनं कागदाच्या कळ्या केल्या. डिंकानं त्या पिवळ्या पडल्या. कापडाच्या केल्या, त्या लोंबायला लागल्या. लग्न तोंडावर आलेलं. मावशी लॅबमध्ये डबा उघडून बसली होती आणि तिची नजर समोरच्या बरणीवर गेली. कवळ्यांसाठी तयार दातांचे संच आणले की प्रत्येकातले काही उरतात. उरलेले सुटे दात त्या बरणीत टाकायची रीत होती. वर्षानुवर्षांचे दात. पांढरे, दुधी, हस्तिदंती.

तिनं एक उचलला, मशीनवर त्याची धार जराशी उतरवली, टोक निमुळतं केलं. कळी! थेट कळी! डबा तसाच राहिला. पुढचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत मालक झोप काढत आणि मावशी कळ्या घडवी. तारेत ओवून, हिरड्यांसाठीच्या गुलाबी मसाल्याचा बारीक ठिपका देऊन तिनं असा दागिना केला, की काकांनी तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला.

"कशाचा आहे गं?"

मावशीनं सांगितलं.

"अगं, नवरीच्या डोक्यात दात?"

"माणसांच्या डोक्यात काय काय असतं," मावशी म्हणाली. "त्या मानानं दात बरे."

तिला हसू आलं. मग जरा धास्तीही वाटली. पण मुख्य म्हणजे तिला आनंद झाला. इतक्या लग्नांत फुलं करून तिचे हात नुसते दुखले होते. हे पहिलं काम तिला स्वतःला आवडलं होतं.

लग्नाच्या हॉलमध्ये जो तो नवरीच्या केसांकडे बघत होता. "कागदाच्या आहेत, मावशीनं केल्यात," चिऊ सांगत होती, कारण मावशीनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. कागदाला अशी तकाकी कशी, हे विचारण्याइतकी अक्कल कुणी लग्नात घेऊन येत नाही.

फोटोच्या आधी फणी घसरली. नवरीच्या खोलीत तेव्हा तिच्याबरोबर मावशी आणि विहीणबाईच होत्या. विहीणबाई हौसेनं पुढे झाल्या. "थांब, मी खोचते." त्यांनी फणी हातात घेतली, फिरवली, आणि त्यांचा अंगठा खालच्या बाजूच्या एका कळीवर थांबला. शेवटच्या घाईत ती एक घासायची राहून गेली होती. विहीणबाईंनी डॉक्टरांच्या खुर्चीत बसून नमुन्याचे दात तासन्‌तास न्याहाळले होते. ओळख पटायला किती वेळ लागणार?

त्यांनी चिऊची मान सरळ केली. फणी खोचली. चिऊ फोटोग्राफरकडे गेली, दार लोटलं गेलं, आणि मग त्या वळल्या.

"तुम्ही नोकरी कुठे करता म्हणालात?"

"मी म्हणाले नव्हते," मावशी म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं. कवळ्यांच्या लॅबमध्ये. बँकेच्या मागे, औषधाच्या दुकानावर."

विहीणबाईंचा हात तोंडाकडे गेला. त्यांना त्या दुकानावरची पाटी आठवली असावी. डॉक्टर आपलं काम कुठे पाठवतात, हे त्यांनी चारही वेळा भांडून विचारून घेतलं होतं.

"म्हणजे माझे..."

"हो."

"पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं?"

"हसलात तेव्हाच कळलं."

बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. इतका वेळ रुबाबात ताठ असलेली बाई एकदम थकलेली दिसली. "यांनासुद्धा माहीत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "बत्तीस वर्षांचा संसार. मी दार लावून दात घासते. तुम्ही कुणाला..."

"विहीणबाई, मी दात करते. चहाड्या नाही."

मावशी जवळ गेली. तिला रागावायचं होतं. चार वेळा परत आलेल्या कामाचं उट्टं काढायचं होतं. पण जवळून पाहिल्यावर तिचं लक्ष भलतीकडेच गेलं. "खाली उजवीकडे टोचतंय का? तुम्ही डाव्या बाजूनंच चावता."

"फार टोचतंय," विहीणबाई म्हणाल्या. "पाचव्यांदा कोणत्या तोंडानं परत पाठवू?"

"याच तोंडानं," मावशी म्हणाली, आणि दोघी तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. शेवटी ताई धावत आली आणि विचारायला लागली, काय झालं म्हणून.

त्यानंतर हॉलमध्ये कुणा चौकस काकूनं फणीला बोट लावायला हात पुढे केला, तर विहीणबाईंनी तो वरच्यावर अडवला. "कागद आहे, घाम लागेल," त्या इतक्या ठसक्यात म्हणाल्या, की मावशीलाही क्षणभर खरं वाटलं.

लग्न पार पडलं. विहीणबाई लॅबमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या, आणि अर्ध्या तासात त्यांचं टोचणं गेलं. पुढे त्या काही काम नसतानाही येत राहिल्या.

चिऊनं मात्र फणीचे फोटो जगभर दाखवले आणि तिला धंद्याची कल्पना सुचली. "मावशी, तू फक्त करायचं. बाकी सगळं मी बघते." बाकी सगळं म्हणजे फोटो काढणं.

"नाही जमणार," मावशी म्हणाली.

घरात असा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ताईचा फोन आला, "तुला गर्व झालाय." चिऊ रुसली. सासरी तिनं तक्रार केली, तर सासूबाईच म्हणाल्या, "तुझी कल्पना ना? मग हातही तुझेच लाव." चिऊनं आठवडाभर हात लावले, आणि मग तिला बढती मिळाल्यामुळे तिचा वेळ गेला, असं ती सांगते.

पुढचं लग्न काकांच्या पुतण्याचं. निमंत्रणं छापून आली, तारीख सरळ वाचता येत होती, फुलं बाजारातून आली. मावशी आणि काका पुढून तिसऱ्या रांगेत बसले. मावशीनं सगळ्यांचे दात पाहिले, पोटभर जेवली, आणि पुन्हा जाऊन गोड वाढून आणलं.